मिरवण्याजोगे चिलखत

आमचे साहेब कुणालाही पहिल्यांदा भेटले की अगत्याने ‘बसा’ म्हणत, पण खुर्ची देत नसत. त्यांच्या टेबलापुढे एक सतरंजी अंथरलेली असे, तिच्याकडे ते हात करीत. समोरचा माणूस एखाद्या मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी असो की बढतीवर आलेला पोलीस अधिकारी, तो गोंधळून, टाय सावरीत, गुडघे कसेबसे दुमडीत खाली बसू लागला की साहेब चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या कपड्यांकडे एकाग्रतेने पाहत. विजार कुठे ताणली गेली, कोट कुठे वर चढला, कोणती शिवण रडकुंडीला आली, हे सारे त्यांना तेवढ्यात दिसे. “उभ्या माणसाचा कपडा खोटं बोलतो,” असे ते म्हणत. “बसला की खरं कळतं.”

हा विक्षिप्तपणा होता, पण त्याला कामाचे निमित्त होते. पोलिसांनी अंगावर काय घालावे हे ठरवणाऱ्या दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयाच्या लहानशा विभागाचे ते प्रमुख होते. बूट, पट्टे, टोप्या, पावसाळी कोट आणि बुलेटप्रूफ जाकिटे यांचे नमुने आमच्याकडे येत आणि साहेबांची सही झाल्याशिवाय पुढे जात नसत. मी वस्त्रशास्त्र शिकले होते, परंतु वडिलांचे दीर्घ आजारपण आणि नंतर त्यांचे जाणे यांत बरीच वर्षे गेली. त्या विभागात मी रुजू झाले तेव्हा बरोबरीच्या मैत्रिणी बढत्या घेत होत्या. पहिल्या दिवशी साहेबांनी मलाही सतरंजी दाखवली. मी साडी नेसले होते. मी बसले, उठले, आणि ते समाधानाने म्हणाले, “बाई, तुमच्या पूर्वजांनी चाचणी नीट घेतलेली दिसते.”

स्वतः साहेब एक ढगळ बुशशर्ट, गुडघ्यांशी पोक आलेली विजार आणि कापडी बूट एवढ्यावर सर्व ऋतू काढीत. हिवाळ्यात त्यांत माकडटोपीची भर पडे, कारण पुण्याकडच्या या गृहस्थांना दिल्लीची थंडी इतक्या वर्षांनंतरही सोसत नसे. एकदा बंद गळ्याचे कोट घातलेल्या सचिवांच्या बैठकीत ते तसेच जाऊन बसले. कुणीतरी बुटांकडे पाहून हलकेच टोकले, तेव्हा साहेब नम्रपणे म्हणाले, “सर, मेरे पाँव को मालूम नहीं कि मीटिंग किसके साथ है.”

दिसणे या गोष्टीचा त्यांना जवळजवळ राग होता. “दिसणं हे दुसऱ्याच्या डोळ्याचं काम आहे, बाई. त्याचा भार आपल्या खांद्याने का उचलायचा?” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे ते स्वप्नातही ऐकू येई. आणि नेमका दिसण्याचा सोस असलेला एक पोलीस माझ्याच घरात होता.

माझा धाकटा भाऊ मिलिंद परीक्षा देऊन दिल्लीच्या पोलिसांत उपनिरीक्षक झाला होता. आम्ही आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असू. आई, तो आणि मी. वडिलांच्या मागे आईचा सारा जीव त्याच्यात. तो देखणा होता आणि ते त्याला ठाऊक होते. सरकारी वर्दी घरी आली की आधी मुनिरक्याच्या शिंप्याकडे जाई आणि श्वास घेण्यापुरती जागा ठेवून घट्ट होऊन परत येई. एकदा तो मला मोटारसायकलवरून न्यायला कार्यालयात आला. साहेबांनी अर्थातच सतरंजी दाखवली. तो दारातच हसत उभा राहिला.

“सर, बसलो तर टाका जाईल.”

“मग चोर पळाला तर काय करशील रे?”

“चोर मला बघूनच थांबतो, सर.”

साहेब हसले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, “मुलगा गोड आहे. काळजी घ्या.” त्यांनी एवढे म्हणावे आणि मला रात्रभर झोप लागू नये, असा माझा स्वभाव होता.

ते दिवस असे होते की दिल्लीच्या कडेकडेने, गुडगावपासून नोएडापर्यंत, शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. जमिनींचे भाव चढले तशा टोळ्याही वाढल्या. बांधकाम व्यावसायिकांना धमक्या, भर दिवसा गोळीबार, हे वर्तमानपत्रात नेहमीचे झाले. पोलिसांची जुनी जाकिटे पोलादी पत्र्यांची होती आणि ती अंगावर चढवणे म्हणजे दरवाजा पाठीला बांधणे. नव्या, कृत्रिम धाग्याच्या थरांचे हलके जाकीट आणायचे ठरले आणि ते पसंत करण्याचे काम साहेबांकडे आले. आयुष्यभर याच कामाची वाट पाहत असल्यासारखे ते त्याला भिडले.

चाचणी जानेवारीत झाली. जानेवारीतच का, तर मार्चअखेरीच्या आत प्रकरण मार्गी लागले पाहिजे, हा सरकारी पंचांगातला एकमेव मुहूर्त. धुक्यात, पहाटे, नाकाबंदीवर कुडकुडत उभ्या असलेल्या शिपायांना आम्ही नमुन्याची जाकिटे घालायला दिली आणि नंतर विचारले, कसे वाटते? “बहुत बढ़िया, साब. उतारने का मन नहीं करता.” एकाने तर विचारले, “साब, इसके साथ टोपी भी मिलेगी क्या?” झाडून सगळ्यांनी ‘अत्यंत आरामदायक’ असा निर्वाळा दिला.

साहेबांनी स्वतःही चाचणी घेतली. संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात. त्या वर्षी आम्हीही गेलो. साहेब स्वेटरवर जाकीट घालून, त्यावर माकडटोपी चढवून बसमध्ये येऊन बसले. तिळगूळ वाटणाऱ्या बायका त्यांच्यापाशी आल्या की क्षणभर हात आखडत. स्मारकापाशी सहलीचे चिटणीस गहिवरून म्हणाले, “साहेब, आजच्या दिवशी चिलखत घालून आलात! रणभूमीचा मान राखलात.”

“मान कसला? उबदार आहे हो,” साहेब म्हणाले.

हिरवळीवर मांडी घालून त्यांनी तूप ओतून गुळाच्या पोळ्या खाल्ल्या, तशीच एक डुलकी काढली आणि उठून मला सांगितले की कुठेही काचत नाही. मग सगळे स्तंभापुढे हात जोडून उभे असताना ते माझ्या कानाशी लागले.

“बाई, त्या लोकांनी चिलखताखाली काय घातलं असेल?”

“कल्पना नाही, साहेब.”

“लढाई जानेवारीतच झाली ना? मग ठीक. निदान उकडलं तरी नसेल.”

आमच्या चाचणीतली चूक त्या वाक्यात स्वच्छ उच्चारली गेली होती. ती आम्हां दोघांनाही ऐकू आली नाही. परतल्यावर साहेबांनी सही केली.

मे महिन्यात एके दिवशी जेवताना मिलिंद म्हणाला, “ताई, तुमचं जाकीट एकदम हिट आहे हं. आमच्या थान्यात सगळे वापरतात.”

मला इतका आनंद झाला की मी घास तसाच ठेवला. “घालतात सगळे?”

“घालतात कुठे, यार! त्यावर बसतात.”

हे साहेबांना कसे सांगावे याचा विचार करण्यात मी दोन बस चुकवल्या. सांगितले, तेव्हा ते तसेच उठले आणि मला घेऊन ठाण्यात गेले. भिंतीवर खुंट्यांना जाकिटे ओळीने टांगलेली होती. एक कूलरखाली टेकू म्हणून लावलेले होते. आणि नवारीच्या खुर्चीवर एक वयस्कर हरयाणवी हवालदार खरोखरच जाकिटाची घडी करून बसला होता. साहेबांना पाहून तो उठला.

“हवालदारजी, ये जैकेट कैसा लगा?”

“घणा आराम सै, साब. पहले कुर्सी चुभै थी, इब कोनी चुभती.”

“और पहनने में?”

“पहनने में?” तो मनापासून हसला. “साब, गोली तो बेरा ना कद आवै. गरमी तो आ ली.” गोळी कधी येईल कुणास ठाऊक, उकाडा तर आलाच, असा त्याचा हिशेब होता.

त्या दुपारी साहेबांनी एक जाकीट चढवले आणि कार्यालयासमोरच्या रस्त्यावर, लू वाहत असताना, फेऱ्या घालू लागले. मी खिडकीतून पाहत होते. थोड्याच वेळात ते कडुनिंबाखाली बसलेले दिसले. मी पाणी घेऊन धावले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “बाई,” ते म्हणाले, “मी माझी थंडी घालवली आणि त्यांना आराम पडला असं लिहून दिलं.”

त्यानंतरचे साहेब वेगळे होते. सकाळी वर्तमानपत्र आले की ते गोळीबाराची बातमी शोधत, आणि जखमी पोलिसाला गोळी कुठे लागली एवढेच पाहत. मांडीला, दंडाला लागली असेल तर त्यांचा श्वास मोकळा होई. तेवढ्यात त्या माणसाच्या मांडीचा विचार मनात येऊन ते पुन्हा अपराधी चेहरा करीत. रस्त्यात जाकीट घातलेला पोलीस दिसला की ते त्याच्यासमोर थांबत आणि बोटाच्या पेराने त्याच्या छातीवर ठकठक करीत, मंडईत कलिंगड पारखावे तसे. कारण गरमीला कंटाळून शिपाई आतले थर काढून ठेवतात आणि आपल्या अधिकाऱ्यांपुढे आकार दिसावा म्हणून आत पुठ्ठे घालतात, असे त्यांच्या कानावर आले होते. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात आम्ही कधीमधी थालीपीठ खायला जात असू. तिथल्या फाटकावरचा पोलीस एकदा चांगलाच बिथरला.

“साहब, ये क्या कर रहे हो?”

“देख रहा हूँ, घर पर कोई है कि नहीं.”

मी दूर उभी राहून, या माणसाला मी ओळखत नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करीत होते. परंतु घरी गेल्यावर मीही मिलिंदच्या खुंटीवरच्या जाकिटावर हळूच ठकठक केली. ते घट्ट, भरलेले होते. न वापरलेली वस्तू असते तसे.

दुसरी चाचणी साहेबांनी पुढच्या वर्षी भर मे-जूनमध्ये घेतली, वरिष्ठांशी भांडून. बाजू सैल केल्या, अस्तर बदलले, पाठीशी वारा खेळावा म्हणून जाळी घातली. या वेळी शिपायांनी शिव्या कमी दिल्या आणि पुष्कळ जण ते घालूही लागले. मिलिंद मात्र घालीना. आणि नेमकी त्याच वेळी त्याची बदली टोळ्यांच्या मागावर असणाऱ्या पथकात झाली. आईने ती बातमी ऐकून देवापुढचा दिवा विझू नये म्हणून त्यात तूप घातले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसत बसली. मी साहेबांना काही सांगणार नव्हते. पण नमुन्यावरच्या टिपणात वजनाच्या जागी मी मिलिंदचे नाव लिहिलेले त्यांनी पाहिले.

रविवारी ते आमच्या घरी आले. आईने खुर्ची पुढे केली, ते खालच्या सतरंजीवर बसले; म्हणून मिलिंदही बसला. घरी तो पायजम्यात होता.

“उकडतं का रे अजून?”

“नाही सर. बिल्कुल नाही. आता एकदम आरामशीर आहे.”

“मग का घालत नाहीस?”

मिलिंदने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. “खरं सांगू, सर? बुरा मत मानना.”

“मी काय व्याही आहे रुसायला? बोल.”

“घालून आरशात बघितलं की वाटतं, कुणीतरी गादी गुंडाळून उभी केलीय. परवा नाक्यावर एका बाईकवाल्याला थांबवलं, तर म्हणतो, ‘भाईसाब, सिलिंडर भरवा के आए हो?’ मागे बसलेली मुलगी पण हसली. आता सांगा, त्याचं लायसन्स मी कुठल्या तोंडाने मागू?”

“हसू देत ना मेल्यांना!” आई म्हणाली. “हसण्याने अंगाला भोक पडत नाही.”

“आई, यार, तुला नाही कळणार.”

“मला नाही कळणार? तू जन्मलास तेव्हा काय वर्दी घालून आला होतास?”

साहेबांनी हात वर करून आईला थांबवले. “म्हणजे तुला भीती गोळीची नाही. हसण्याची आहे.”

“सर, गोळी रोज कुठे सुटते? हसतात रोज.”

साहेब बराच वेळ सतरंजीच्या दशा सारख्या करीत राहिले. आईने केलेला चहा त्यांनी निवल्यावर घेतला. जाताना दारात मला म्हणाले, “बाई, मी दिसण्याला थोतांड समजत होतो. हा म्हणतो ते त्याचं हत्यार आहे.” त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता, एखाद्याला आपल्या घरात अजून एक खोली असल्याचे उतारवयात कळावे, तसा होता.

मग त्यांनी त्या खोलीत मुक्कामच ठोकला. माणसे आरशात काय पाहतात, हे त्यांना पाहायचे होते. गुडगावला तेव्हा पहिले मॉल नुकतेच उघडले होते आणि लोक ते पाहायला सहकुटुंब जात. साहेब मला घेऊन गेले. माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली होती आणि तिच्यात जाकीट होते. दारावरच्या रक्षकाने पिशवीत डोकावून खाकी कापड पाहिले आणि सलाम ठोकला.

आम्ही एका तयार कपड्यांच्या दुकानात शिरलो. कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांबाहेर एक भला मोठा आरसा होता, त्याच्या कडेला एका गुबगुबीत स्टुलावर साहेब स्थानापन्न झाले. तरुण मुले-मुली नवे कपडे घालून बाहेर येत, आरशासमोर उभी राहत, एक खांदा पुढे काढीत, वळून पाठ पाहत. साहेब हळू आवाजात मला सांगत होते, “पाहिलंत? आधी चेहरा बघतात, कपडा नाही. कपडा घातल्यावर आपण कोण झालो ते बघतात.” त्यांचे म्हणणे खरे होते, पण एका ढगळ शर्टातल्या वृद्धाने आपल्याकडे असे टक लावून पाहावे, हे एका मुलीच्या आईला आवडलेले नव्हते, आणि माझे सारे लक्ष त्या बाईकडे होते.

“साहेब, निघू या का?”

“एक मिनिट. पिशवी द्या.”

ते आत गेले आणि जाकीट घालून बाहेर आले. मला वाटते, कित्येक वर्षांत ते प्रथमच आरशात स्वतःला नीट पाहत असावेत. त्यांनी पोट आत ओढले. मान उंच केली. तेवढ्यात ती बाई किंचाळली.

त्या काळात अंगाला पट्ट्यांनी काही बांधलेला माणूस पाहून लोकांच्या मनात एकच शंका येई. मुले आईबापांनी उचलली, कुणी हँगरसकट कपडे पाडीत पळाले, दुकानाचा व्यवस्थापक काउंटरमागे वाकला आणि दोन रक्षक धावत आले. “हाथ ऊपर! हाथ ऊपर!” साहेबांनी तत्परतेने हात वर केले. ओळखपत्र त्यांच्या खिशात होते आणि खिसा जाकिटाखाली. मी ओरडून काही सांगू पाहत होते, पण माझा आवाज मुळातच लहान. आणि साहेब, दोन्ही हात छताकडे केलेले, रक्षकाच्या खांद्यावरून आरशात पाहत मराठीत म्हणत होते, “बाई, लिहून घ्या. हात वर केले की खालून पोट उघडं पडतं!”

आम्हांला व्यवस्थापकाच्या खोलीत बराच काळ बसवून ठेवले. शहानिशा झाल्यावर त्या भल्या माणसाने सरबत मागवले आणि साहेबांनी त्याला विचारले, “ठीक है, गलती हमारी है. लेकिन एक बात बताइए, मैं कैसा लग रहा था?”

त्या बिचाऱ्याने सरबताचा ग्लास साहेबांपुढे सरकवला. “डर लग रहा था, सर.”

“डर!” साहेब माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे चमकत होते. “हसला नाही, बाई. ह्याला भीती वाटली.”

निवृत्तीपूर्वीचे शेवटचे महिने साहेबांनी त्या जाकिटावर घालवले. खाकीऐवजी गडद निळसर काळा रंग आला. थर तेवढेच, पण ते कमरेशी निमुळते आणि खांद्याशी रुंद असे रचले. पट्टे आतून नेले. पोट उघडे पडू नये म्हणून खालची कड पुढून थोडी उतरती केली, आणि आश्चर्य असे की त्या कडेनेच त्याला रुबाब आला. सतरंजीवरची परीक्षा अर्थातच सुटली नव्हती. ज्या माणसाने आपल्या शर्टाचे तुटलेले बटण कधी लावून घेतले नाही, तो शिंप्याच्या मागे उभा राहून “छाती थोडी आणखी बोलली पाहिजे” असे सांगत होता. कार्यालयात लोक हसत. मी हसू शकत नव्हते. मिलिंद रोज सकाळी जाकीट खुंटीवर ठेवून त्या पथकात जात होता, आणि तो परत येईपर्यंत आई जिन्यातल्या प्रत्येक पावलाला उठत होती.

पहिले तयार जाकीट साहेब स्वतः आमच्या घरी घेऊन आले. सकाळची वेळ होती, मिलिंद ड्यूटीवर निघण्याच्या तयारीत होता. त्याने ते घातले. साहेबांनी त्याला खाली बसवले, उठवले, वाकवले, हात वर करायला लावले. आईने पोह्यांची बशी पुढे केली, तेही त्याला जाकिटासकट खायला लावले. कुठेही काही ताणले नाही, चढले नाही. मग तो कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला.

तो फार सुंदर दिसत होता. एवढे एकच सांगता येते. त्याने एक खांदा किंचित पुढे काढला, वळून पाठ पाहिली, आणि पुन्हा चेहऱ्याकडे पाहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. “घालशील ना रे आता?” तिने विचारले.

“काढणारच नाही, आई. सर, जबरदस्त! कमाल आहे यार… सॉरी, सर.”

साहेब भिंतीला टेकून पाहत होते. चेहऱ्यावर असे सुख मी त्यांच्या कधी पाहिले नव्हते. गंमत म्हणून विचारावे तसे त्यांनी विचारले, “धाडीच्या वेळी तू कुठे असतोस रे? मागे की पुढे?”

मिलिंद हसला, जरा ओशाळून. “आजपर्यंत मागेच होतो, सर. घरी सांगितलं नव्हतं. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांचा नियम आहे, जाकीट नाही तो गाडीपाशी. गाडी सांभाळत बसायचो. आज पहिल्यांदा पुढे जाणार.”

आई हातातला पदर तसाच धरून राहिली. इतके महिने ज्याच्यासाठी ती देवाला साकडे घालीत होती, ते जाकीट त्याच्या अंगावर होते. साहेबांचा हात भिंतीवरून खाली आला.

“थांब,” ते म्हणाले. “खांद्याशी जरा… मला वाटतं, खांद्याशी अजून काम आहे. ठेव आज. मी नीट करून आणतो.”

“कुठे, सर? एकदम परफेक्ट आहे.”

“नाही, नाही. काचेल तिथे. मला दिसतंय.”

काही काचत नव्हते, हे मला कळत होते; मी वस्त्रशास्त्र शिकलेली होते. साहेब आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कपड्याविषयी खोटे बोलत होते. मिलिंदने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, नेहमीपेक्षा सहज वाकला, आणि तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. तो गेला. जिन्यातून तो दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होता. जाकीट त्याला मुळीच जड होत नव्हते, हे आम्हां तिघांनाही वर ऐकू येत होते.

साहेबांनी त्या दिवशी आमच्याकडून फोनचा क्रमांक मागून घेतला. लवकरच ते निवृत्त झाले आणि नोएडाच्या बाजूला एका नव्या वसाहतीत राहायला गेले. पण दिवेलागणीला त्यांचा फोन येई. इकडचे तिकडचे काही नाही.

“बाई, आला का?”

“आला, साहेब.”

“पुढे होता?”

“पुढेच होता.”

मी रिसीव्हर धरून उभी असे. मग ते कार्यालयात बोलत तसल्या कोरड्या आवाजात म्हणत, “घाम आला असेल. रोज वाळवा. मात्र उन्हात नको, बाई, धागा कमजोर होतो. सावलीत वाळवा.”